खालच्या अंगाची खिडकी

जुनी घरं उतरवण्याचा माझा धंदा आहे. लोक त्याला पाडणं म्हणतात. पाडलं तर माती हाती लागते, उतरवलं तर घर. खांब, तुळया, दारं, खिडक्या, कौलं, सगळं एकेक सुटं करायचं, त्यावर तेलरंगानं खूण मारायची, वहीत लिहायचं आणि मुरुडच्या वखारीत आणून उभं करायचं. काशीद, अलिबागकडे बंगले बांधणारी मुंबईची मंडळी ते घेऊन जातात.

खुणा आमच्या आमच्या असतात. आमच्याकडे समुद्राची बाजू ती खालची आणि डोंगराची ती वरची. पूर्व-पश्चिम सहसा कुणी म्हणत नाही. आंबा घराच्या वरच्या अंगाला आहे म्हटलं तर तो छपरावर नसतो, डोंगराकडे असतो. म्हणून माझ्या लाकडांवर 'व' आणि 'खा' लिहिलेलं असतं. घाटावरून आलेल्या एका सुतारानं 'व' लिहिलेली चौकट उचलून माळ्यावर नेऊन बसवली होती. मी त्याला तिथल्या तिथे हाकलला. दुसऱ्या दिवशी ती चौकट मला स्वतःला उतरवावी लागली.

अलिबागचे एक निवृत्त डॉक्टर जुन्या सागाच्या पातळ फळ्या बघायला वखारीत आले. मी भाव सांगितला. निम्म्यावर यायचं हे धरूनच सांगितला होता. त्यांनी मान डोलावली आणि पाकीट काढलं. मला राग आला. समोरच्यानं घासाघीस केली नाही की आपण कमी सांगितलं असं दिवसभर टोचत राहतं. फळ्या कशाला हव्यात, असं मी तुसडेपणानंच विचारलं.

"रेल्वेला," ते म्हणाले.

फळ्या पोचवायला मी टेम्पोबरोबर गेलो. त्यांच्या घराचा वरचा मजला म्हणजे एकच मोठी खोली होती आणि तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल. टेबलावर खाडी होती, जेट्टी होती, गोदाम होतं, पाण्याची टाकी होती. करंगळीएवढे डबे रुळांवर उभे होते. मी खाली वाकून बघितलं आणि मला जागा ओळखता आली. खाडीकाठी पूर्वी रसायनांची एक कंपनी होती. मुख्य लाइनपासून तिच्या जेट्टीपर्यंत मालगाडीचा एकेरी फाटा होता. कंपनी बंद पडून वीसेक वर्षं झाली. तरुणपणी डॉक्टर तिथल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जात. आता ते सगळं ते पुन्हा बांधत होते, मोजून मापून.

फाट्याच्या मध्यावर रस्ता रूळ ओलांडत होता. तिथे खडूनं आखलेला रिकामा चौकोन होता.

"इथे फाटकवाल्याची केबिन होती," डॉक्टर म्हणाले. "तिचं एकही माप मिळत नाही. अंदाजानं केलं तर ते खेळणं होईल."

"दहा बाय आठ," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत, शेठ?"

"मी उतरवलीय."

त्या दिवशी एवढंच सांगितलं. त्या केबिनमध्ये माझे वडील बसत हे सांगायला मला आणखी दोन खेपा लागल्या.

वडील त्या फाट्यावर सात वर्षं फाटकवाले होते. मी चार वर्षांचा असताना पेंढ्याची एक बैलगाडी रुळांवर असताना इंजिन आलं. फाटक उघडं होतं. एक बैल मेला आणि गाडीवानाचा पाय गुडघ्याखाली गेला. कंपनीनं वडिलांना काढून टाकलं. काढल्याचं पत्र वडिलांच्या ट्रंकेत होतं. त्यात लिहिलं होतं की खिडकीतून गाडी येताना दिसत असूनही त्यांनी फाटक बंद केलं नाही.

आम्ही ते गाव सोडून मुरुडला आईच्या माहेरी आलो. वडील दुसऱ्यांच्या नारळीच्या वाड्या शिंपायला जायचे. संध्याकाळी ओट्यावर बसले की कुणी विचारलं नसतानाही म्हणायचे, "खिडकी खालच्या अंगाला होती." त्या गावात दार उघडं टाकून गेलेल्याला 'फाटकवाला झालास काय' म्हणायची पद्धत पडली. लग्नासोयरिकीतून ती मुरुडपर्यंत आली. मी शाळेत असताना मास्तरसुद्धा म्हणून गेले. त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाटी फेकून मारली आणि शाळा तिथेच संपली.

कंपनी बंद पडल्यावर तिच्या भंगाराचा लिलाव झाला. मी तिथे गेलो ते रूळ आणि पत्रा घ्यायला नाही. केबिनसाठी गेलो. जांभ्या दगडाच्या एवढ्याशा खोलीवर इतर कुणी बोली लावत नव्हतं, तरी मी चढवून बोललो. लोक हसले. पहिला घण मी स्वतः मारला. तेव्हा लाइन केबिनच्या वरच्या अंगाला होती, डोंगराच्या बाजूला, दहा-बारा पावलांवर. खिडकी एकच, आणि ती खालच्या अंगाला, खाडीकडे. म्हणजे वडील खाडी बघत बसत होते आणि गाडी पाठीमागून येत होती. माझ्या डोक्यातला हिशेब त्या दिवशी पुरा झाला. पण मी फोटो काढला नाही, कुणाला बोलावून दाखवलं नाही. तीन दिवसांत केबिन टेम्पोत भरली. पुरावा मीच उतरवला आणि मीच विकला.

हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी खडूच्या रिकाम्या चौकोनावर पट्टी ठेवली. मग म्हणाले, "तुमची वही असेल ना?"

वही होती. मी कुठलीही वही टाकत नाही. वाळवीनं कोपरे खाल्लेले होते, पण पान मिळालं. 'केबिन. चिरे, थर बारा. दार १, रस्त्याकडे. खिडकी १, खा. गज तीन. कौलं दोन्ही बाजू मिळून एकशे ऐंशी.'

तेव्हा मी माझी अट घातली. मापं मी आणून देईन, साग फुकट देईन, बदल्यात फाटकाजवळ एक पाटी लागली पाहिजे. डॉक्टर हे सगळं टेबल दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या वाचनालयात मांडणार होते. त्या गावची माणसं ते बघायला येणार. पाटीवर लिहायचं होतं: 'येथील फाटकवाल्यास खिडकीतून रूळ दिसत नसत.' अलिबागच्या एका कोरीवकाम करणाऱ्याकडून मी ती पितळेत कोरून घेतली. पाटी आधी झाली, केबिन नंतर.

मापं गोळा करायला उन्हाळा गेला. डॉक्टरांचं प्रमाण सत्त्याऐंशीला एक, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. आम्ही इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला सूत म्हणतो. साडेतीन मिलिमीटर म्हणजे सुताहून केसभर जास्त.

"फुटाला एक सूत धरा, भानगड मिटेल," मी म्हणालो.

"मग माझ्या इंजिनापुढे तुमची केबिन खुजी दिसेल."

"केसभरानं कुणाला कळतंय?"

"मला," ते म्हणाले. माझ्या वखारीत हे वाक्य मी बोलतो.

चिरे आमच्या वखारीच्या कुंपणातच गेले होते. चिरा मोजला. वहीत थरांचा आकडा होता, त्यावरून भिंतीची उंची निघाली. कौलं बसवल्यावर किती उघडी राहतात हे मला झोपेतही सांगता येतं, त्यावरून छपराची लांबी निघाली. खिडकी मी काशीदच्या एका रिसॉर्टला विकली होती. तिथे गेलो तर गज काढून तिच्यात आरसा बसवला होता आणि ती हात धुवायच्या जागी टांगली होती. मी टेप लावायला लागलो की माझंच तोंड आडवं यायचं. मॅनेजर पोरगेला होता. "काका, विकायची नाही ती," तो म्हणाला. मी म्हटलं, "मीच विकलीय." तो दारात उभा राहून माझ्यावर नजर ठेवत राहिला. दोन फूट पावणेअकरा इंच बाय दोन फूट दोन इंच. तीन सूत इकडेतिकडे, कारण चौकट फुगली होती.

डॉक्टरांनाही एक फोटो मिळाला. कंपनीनं नवं इंजिन आणलं तेव्हाचा. इंजिनाला हार, पुढे साहेब लोक, मागे केबिनचा कोपरा. रुळांकडची भिंत फोटोत स्वच्छ दिसत होती. तिला खिडकी नव्हती. सलग चिरे. मी फोटोवर बोट ठेवून तसाच उभा राहिलो.

डॉक्टर भिंग घेऊन वाकले होते. म्हणाले, "विचित्र आहे."

"काय?"

"फाटकाची केबिन बांधायची आणि रुळांकडे खिडकी ठेवायची नाही. असं कुणी बांधत नाही, शेठ. काहीतरी राहतंय आपल्याकडून."

"कंपनीनं बांधलं," मी म्हणालो.

"बांधणाराही काही विचार करतो. जेट्टीची केबिन बघा, गोदामाची बघा. सगळीकडे—"

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुम्ही त्या कंपनीचं मीठ खाल्लंय, हे बोललो. भिंग टेबलावर आपटलं, त्याला चीर गेली. खाली उतरून टेम्पोत बसलो. मग आठवलं की वही वर राहिली. पुन्हा चढून गेलो तर डॉक्टर चीर गेलेल्या भिंगातूनच फोटो बघत होते. त्यांनी वही हातात दिली आणि म्हणाले, "त्या काळचा कुणी माणूस आहे का, बघा. मुकादम, सुतार, कुणीही. आपण विचारू."

लाइनीवर खडी भरणाऱ्या, रूळ बदलणाऱ्या टोळीचा एक मुकादम म्हसळ्याला आहे, हे माझ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. कंपनी सोडून तो आखातात गेला, आता परत येऊन मुलाच्या घरी असतो. ऐंशीच्या पुढचा. मी गेलो तेव्हा तो पडवीत खुर्चीवर बसून लसूण सोलत होता. मी वडिलांची ओळख सांगितली. त्यानं लसूण बाजूला ठेवला.

"फाटकवाल्याचा पोर तू? अल्ला त्याला बख्शे. सादा मानूस. तुझी बहीन भाकर घेऊन यायची, येवढीशी होती."

"चाचा, केबिनला खिडकी किती होत्या?"

"खिडकी? येक."

"कुठच्या अंगाला?"

"खालच्या." त्याला विचार करावा लागला नाही.

माझं काम झालं होतं. तरी म्हातारा बोलत होता म्हणून मी लिहून घेत गेलो. दार कसलं होतं, रंग कुठला, बाहेर पत्र्याचं छप्पर कधी आलं. "नंतरचे फाटकवाले भाईर पत्र्याखालीच बसायचे. येके साली उधानानं बांध फोडला, मग लाइन वर घेतली. फाटक बी वर घेतलं. लय काम पडलं आमाला, भर पावसात." मी 'उधाण, बांध, लाइन वर घेतली' असं लिहिलं. चहा आला. निघताना त्यानं माझा हात धरला. "त्या गाडीवानाकडं जाऊन येतोस का कधी?" मी नाही म्हणालो. गाडीवानानं चौकशीत वडिलांविरुद्ध सांगितलं होतं. त्या घरचा नारळसुद्धा मी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी अलिबागला गेलो. केबिन जवळजवळ तयार होती. माझ्याच सागाची, चिऱ्यांच्या रेघा ओढलेली. भिंतीला खालच्या अंगाला खिडकीची जागा कापायची होती आणि डॉक्टर पातं लावून बसले होते. मी वही उघडून वाचून दाखवली. खिडकी एक, खालच्या अंगाला, मुकादमाची साक्ष. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढची पानं बघू लागले.

"हे काय, लाइन वर घेतली? किती वर?"

"म्हणजे?"

"किती फूट? भराव घातला असेल तर मला रूळ उचलावे लागतील. केबिनचं जोतंही त्या मानानं खाली जाईल. फुटाचा फरक असला तरी दिसेल."

"तसं वर नाही, डॉक्टर," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, घाटावरच्या सुतारावर चढला होता तसा. "उंच नाही केली. वर घेतली. वर म्हणजे डोंगराच्या अंगाला. आधी खालच्या—"

तिथे मी थांबलो.

डॉक्टरांनी पातं खाली ठेवलं. त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी टेबलाकडे पाहिलं, रुळांकडे नाही, केबिनच्या दुसऱ्या बाजूला, खाडीकडे, जिथे त्यांनी हिरव्या रंगाचा भुसा पसरून कांदळवन केलं होतं.

"हे अपघाताच्या आधी की नंतर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तिथूनच मुकादमाच्या मुलाला फोन लावला. त्यानं बापाला दिला. म्हातारा म्हणाला, नंतर. त्या अपघातानंतर दोन की तीन पावसाळे गेले, मग बांध फुटला. मी विचारलं, चाचा, नक्की? तो म्हणाला, "आरे, नवीन फाटकवाला आला त्याच्या वखताला."

फोन ठेवल्यावर मला राग आला नाही. मी त्याची वाट बघत होतो. तो येतो तेव्हा आधी कान गरम होतात. काही गरम झालं नाही. डॉक्टर पाणी घेऊन आले ते मी प्यायलो.

तरीही मी जागेवर गेलो. ऐकीव मापावर मी चौकट कापत नाही. केबिनच्या जोत्याचे चार दगड अजून आहेत. त्यांच्यापासून खाडीकडे चालत गेलो. पंधरा पावलांवर कांदळवन लागतं. आत चिखलात हात घातला. खाडीत असतो तो गोटा गुळगुळीत असतो. माझ्या हाताला कोनाचा दगड लागला, मग दुसरा, मग मूठभर. खाणीतली काळी खडी, रुळांखाली घालतात ती. कांदळवनाच्या मुळांत ती सरळ रेषेत दूरवर गेली होती. मी दोन्ही टोकं चालून बघितली. लिलावाच्या वेळी मी इथे तीन दिवस होतो आणि या बाजूला लघवीला यायचो.

जोत्यावर येऊन बसलो. खिडकी होती त्या जागेवरून ती रेषा सरळ समोर पडते. पंधरा पावलं. आडवं काही नाही. उजवीकडे वळणापर्यंत दिसतं. तिथून गाडी फाटकापर्यंत यायला वेळ लागत असणार. सावकाश आकडे म्हणत मी ते अंतर चालून बघितलं. मग पुन्हा चाललो. दुसऱ्या वेळी मोजलं नाही.

ताई रेवदंड्याला असते. सुकटीचा व्यापार आहे तिच्या घरचा. मी गेलो तेव्हा ती अंगणात बोंबील उलटत होती. मी बांधाची, खडीची, मुकादमाची गोष्ट सांगितली. ती ऐकत उलटत राहिली.

"बाबा म्हणायचे ना, खिडकी खालच्या अंगाला होती, मला गाडी कशी दिसणार," मी म्हणालो.

"खिडकी खालच्या अंगाला होती, येवढंच म्हनायचे," ती म्हणाली. "फुडचं तू लावलंस."

मी आठवून बघितलं. वडिलांच्या आवाजात मला पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरं माझ्या आवाजात होतं.

"तुला माहीत होतं लाइन कुठे होती ते?"

"भाकर घेऊन जायची ना मी. लाइन वलांडूनच जायला लागायचं. खिडकीतनं हात करायचे मला. थांब म्हनून, गाडी येतेय म्हनून."

"मग सांगितलं का नाहीस? पन्नास वर्षं?"

"तू कुनाला बोलू देतोस काय?" तिनं बोंबलाची एक काठी उचलून दुसरीकडे ठेवली. "आयेनं येकदा सांगायला घेतलं तर तू ताट भिरकावलंस. वीस वर्षांचा होतास. मग ती म्हनाली, र्‍हाऊ दे, त्याला तेवढाच आधार हाय."

"त्या दिवशी काय झालं होतं? झोपले होते?"

"न्हाय. पियाले बी न्हवते. ते कदी काय बोलले न्हाईत. मी इचारलं बी न्हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटतं नुसते बसले असतील. रोजचीच गाडी."

तिनं जेवायला वाढलं. मी जेवलो. सुकटीची चटणी होती एवढं आठवतं, चव आठवत नाही. जाताना तिनं पिशवीत वाळवलेल्या कोळंबीचे सोडे भरून दिले आणि तिखट कमी टाक म्हणाली.

पुढचे आठ दिवस मी वखारीत होतो. श्रीवर्धनहून एक दारांचा सौदा आला. समोरच्यानं जो भाव म्हटला तो मी दिला. माझा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

मग डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, घाई नाही, पण एक गोष्ट तुम्ही ठरवायला हवी. असं टेबल करताना एक साल धरावं लागतं. इंजिन, डबे, झाडं, सगळं त्या सालचं. "मी नव्या लाइनीचं साल धरलं होतं. माझ्या आठवणीतलं. ते चुकीचं नाही, शेठ. खिडकी खाडीकडे, लाइन डोंगराकडे, पाटी लावली तर पाटीही त्या सालापुरती खोटी नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी अख्ख्या आयुष्यात इतका चांगला सौदा कुणी दिलेला पाहिला नाही. माझ्या बाजूनं सगळं, आणि एक शब्दही खोटा नाही. वाचनालयात माणसं आली असती, बघितलं असतं, 'अरे, खरंच की' म्हणाली असती. गावात अजूनही कुणी दार उघडं टाकलं की 'फाटकवाला झालास काय' म्हणतात. ते थांबलं असतं कदाचित. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि मला ते घ्यावंसं वाटत नव्हतं. का, हे मला सांगता येत नाही. लाकूड उतरवताना खूण चुकली तर घर पुन्हा बसत नाही, एवढंच मला कळतं.

"जुनी लाइन धरा," मी म्हणालो. "उधाणाच्या आधीची."

"रूळ उखडावे लागतील."

"मी येतो उखडायला."

दोन दिवस आम्ही ते काम केलं. डिंकानं चिकटवलेली खडी ओली करून पात्यानं सोडवायची, रूळ वाकू न देता उचलायचे. डॉक्टरांचे हात माझ्यापेक्षा हलके चालत होते. खाडीकडचा हिरवा भुसा खरवडून आम्ही तिथे लाइन घातली. खिडकीसमोर अंतर पंधरा पावलांचं, म्हणजे साधारण साडेसदतीस फूट, म्हणजे एकशे एकतीस मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले एकशे तीस धरू. मी म्हणालो, एकशे एकतीस. पितळेची पाटी मी परत नेली आणि वखारीत पितळी सामानाच्या पेटीत टाकली. डॉक्टरांनी तिच्याबद्दल विचारलं नाही.

शेवटी फाटक राहिलं. दोन लाकडी झडपा, लाल-पांढऱ्या.

"मोटर बसवतो," डॉक्टर म्हणाले. "गाडी जवळ आली की आपोआप बंद होईल. सोपं आहे."

"तेव्हा कुठे मोटर होती?"

"नव्हती, खरंय. मग हातानं."

"हातानं."

त्यांनी केसाएवढ्या तारेच्या बिजागऱ्या केल्या. बोटानं ढकललं की झडप फिरायची. सगळं बसल्यावर त्यांनी पडदे ओढले, दिवा लावला, मालगाडी मुख्य लाइनीवर उभी केली आणि कळ फिरवली. पहिल्या फेरीला ते फाटकाशी उभे होते. गाडी वळणावर आली तशी त्यांनी झडपा बंद केल्या, गाडी गेली, उघडल्या. दुसऱ्या फेरीलाही तसंच. मी केबिनच्या मागच्या बाजूला, तिची न चिकटवलेली मागची भिंत काढून, स्टुलावर बसलो होतो, डोळे टेबलाच्या पातळीला आणून. खिडकीतून इंजिन वळणावर दिसायला लागायचं, मग मोठं व्हायचं, मग चौकटीतून निघून जायचं.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला जेट्टीकडे उभा असलेला एक डबा कललाय असं डॉक्टरांना वाटलं. ते तिकडे वाकले. "चाकाला भुसा अडकलाय, बघा," ते मला म्हणाले. मी मान हलवली. गाडी वळणावर आली. मला ती दिसत होती. झडपा उघड्या होत्या, मला त्याही दिसत होत्या, माझ्या हातापासून वीतभर. इंजिन मोठं झालं, रस्ता ओलांडून गेलं, मागचे अकरा डबे गेले.

डॉक्टरांनी वर बघितलं. "अरे, फाटक राहिलं."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही तर समोरच होता."

"समोरच होतो."

त्यांनी गाडी थांबवायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, चालू दे.